इस्त्रीने चिकटवायची लेस लावताना

ब्लाउजच्या बाहीला लावताय, तर आधी कापड धुऊन घ्या. नव्या सुती कापडात खळ असते, तिच्यावर गोंद नीट धरत नाही. शिवाय नंतर कापड आटलं की लेसला चुण्या पडतात. धुताना सॉफ्टनर नको.

इस्त्रीची वाफ बंद ठेवा. लेसची चकाकणारी, जराशी खडबडीत बाजू गोंदाची, ती खाली. वर मलमलचा तुकडा हवाच, नाहीतर जाळीच्या भोकांतून वितळलेला गोंद थेट इस्त्रीच्या तळाला लागतो. आणि इस्त्री फिरवू नका हो! १०-१५ सेकंद दाबून धरा, उचला, पुढे ठेवा. मग कापड उलटं करून मागूनही तसंच. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असतानाच कोपरा उचलून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि लेस तिथूनच सुटते.

जॉर्जेट किंवा नायलॉनवर मात्र मी ही लेस सुचवणार नाही. गोंद वितळायला लागणाऱ्या उष्णतेत ते कापडच आक्रसू शकतं. तिथे सुईदोराच बरा. सुतीवरही लेसच्या टोकांना दोन-दोन टाके घालाच, बाही तिथेच घासते. पहिल्यांदा धुवाल ते दुसऱ्या दिवसानंतर, उलटं करून, गार पाण्यात.