हिब्रू-यिद्दिश येत नसताना रब्बी नाखमनच्या कथा भाष्यासह कशा अभ्यासाव्यात?

तुमचा प्रश्न असा, की इंग्रजी अनुवाद मिळालाय, पण पानावर गोष्ट चार ओळी आणि टीप अर्धं पान. आधी काय वाचायचं? आधी गोष्ट. टिपांवर कोरा कागद ठेवा आणि सलग वाचून काढा.

थोडी पार्श्वभूमी मात्र हवी. युक्रेनमधल्या ब्रात्स्लावचे यहुदी धर्मगुरू (रब्बी) नाखमन (1772–1810) यांनी या कथा 1806 पासून यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या बोलीभाषेत, तोंडी सांगितल्या. शिष्य नाथाननी त्या लिहून काढल्या आणि 1815 मध्ये तेरा कथांचं पुस्तक छापलं: पानावर वर हिब्रू, खाली यिद्दिश. शिवाय सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या सफेद गावी राहिलेले यहुदी गूढवादी इसहाक लुरिया यांची विश्वनिर्मितीची मांडणी ठाऊक हवी: ईश्वराचं आक्रसणं, दिव्य प्रकाश धरणाऱ्या भांड्यांचं फुटणं, त्यातून विखुरलेल्या ठिणग्या गोळा करणं. अभ्यासक गेर्शोम शोलेमच्या यहुदी गूढवादावरच्या मुख्य ग्रंथातलं लुरियावरचं प्रकरण त्यासाठी पुरेल.

अनुवाद दोन ठेवा. आर्नल्ड बँडचा (1978) मूळ वाक्यांना धरून चालतो. आर्ये कॅपलनचा (1983) त्याच पानावर ब्रात्स्लाव परंपरेतलं भाष्य देतो. मार्टिन बूबरचं 1906 चं जर्मन पुस्तक किंवा त्यावरून झालेला इंग्रजी अनुवाद अभ्यासाला घेऊ नका. ते पुनर्कथन आहे, सुंदर असलं तरी. भाष्यकार ज्या बारक्या शब्दावर बोट ठेवतो, तो तिथे सापडेलच असं नाही.

सुरुवात पहिल्याच कथेपासून करा: हरवलेली राजकन्या. राजाला सहा मुलगे आणि एक मुलगी. रागाच्या भरात तिला शाप देतो, सकाळी ती गायब. प्रधान शोधायला निघतो. भाष्य उघडलंत की सहा मुलगे म्हणजे सहा सेफिरोत (ईश्वर ज्या दहा रूपांतून प्रकटतो त्यांतली सहा), मुलगी म्हणजे त्यांतलं शेवटचं रूप मल्खुत, अर्थात निर्वासित शेखिना (जगातलं ईश्वराचं सान्निध्य), असं समीकरण मिळतं. ते बरोबरच आहे, पण बहुतेक वाचक इथेच घसरतात. किल्ली मिळाली की गोष्ट वाचणं थांबतं.

म्हणून टिपा उघडण्याआधी कथेतल्या खटकणाऱ्या जागा वहीत लिहा. उदाहरणार्थ, राजकन्येच्या सुटकेसाठी प्रधानाने करायच्या वर्षभराच्या तपानंतर शेवटच्या दिवशी काही खायचं नाही, झोपायचं नाही अशी अट असते. प्रधान सफरचंद खातो आणि झोपतो. दुसऱ्या वर्षी अट सैल होते: खाल्लं तरी चालेल, वाइन प्यायची नाही, कारण मुख्य गोष्ट झोप. तरी तो झऱ्याचं लालसर, वाइनसारख्या वासाचं पाणी पितो आणि सत्तर वर्षं झोपतो. सफरचंद म्हणजे आदम, वाइन म्हणजे नोहा (बायबलमध्ये वाइन पिऊन झिंगलेला), हे टिपेत मिळेल. अट सैल का झाली, हा प्रश्न तुमच्या वहीत आधीच असला तर टीप तपासता येते. नसला तर नुसती मान डोलावली जाते.

पुढे प्रधान राजकन्या जिथे आहे तो सोन्याचा डोंगर शोधत निघतो. तीन राक्षस त्याला सांगतात, असा डोंगर नाहीच, लोकांनी तुला भलतंच काही सांगितलंय. तो रडून सांगतो, आहे. माझ्या मते कथेचा जीव इथे आहे, आणि सेफिरोतच्या तक्त्यात ही जागा नीट बसत नाही. राजकन्येला कसं सोडवलं तेही सांगितलेलं नाही, फक्त शेवटी सोडवलं एवढंच. तुमच्या प्रतीत पानं गळालेली नाहीत.

सात भिकाऱ्यांची कथा सगळ्यात शेवटी. तिथे कथेत कथा आहेत; कोण कोणाला सांगतंय हे समासात लिहीत गेलं नाही तर धागा सुटतो. सातव्या भिकाऱ्याचा दिवस नाखमननी सांगितलाच नाही, तेव्हा तो शोधत बसू नका.