सामाईक भिंत, शेजाऱ्याचा नवा नकाशा आणि एनओसीची सही

प्रश्न (थोडक्यात): इंदूरला मालवा मिलच्या भागात आमचं 12 बाय 40 चं घर आहे. वडील मिलच्या साळखात्यात (विणकाम विभागात) होते. 1958 साली त्यांनी पुढच्या दोन खोल्यांचं घर रजिस्ट्रीने घेतलं, पुढे मागे स्वयंपाकघर वाढवलं. वडील 1989 मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. आई आता नाही. घरात मी आणि विधवा वहिनी राहतो, धाकटा भाऊ पुण्यात. बाजूचं घर मागच्या वर्षी विकलं गेलं. नवे मालक ते पाडून तीन मजली बांधणार आहेत. मधली भिंत त्यांच्या रजिस्ट्रीत आहे, ती पाडू, असं म्हणतात. पाचशेच्या स्टॅम्पवर एनओसी द्या, पन्नास हजार देतो, हाही निरोप आहे. स्वयंपाकघराची एकुलती खिडकी त्यांच्या चौकाकडे उघडते, ती बंद होईल. काय करावं? दावा मी करू शकते का, आणि खर्चाचं काय?

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी सर्वात महत्त्वाचं: एनओसीवर सही करू नका. पन्नास हजार कमी आहेत म्हणून नव्हे. त्या कागदात ‘भिंतीवर आमचा हक्क नाही’ अशा अर्थाचं एखादं वाक्य असतंच, आणि तुमच्या हातातला सगळा दावा त्या वाक्यात जातो.

तुम्ही पाठवलेले फोटो मी दोन-तीनदा पाहिले, आमच्या ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्यालाही दाखवले. त्यावरून एक गोष्ट लक्षात येते. तुम्ही आणि शेजारी जिला ‘मधली भिंत’ म्हणता, ती एक भिंत नाही, दोन आहेत. पुढची, ओटल्यापासून चोवीस फुटांपर्यंतची, चौदा इंची आहे, म्हणजे दीड विटेची. तिच्यात दोन्ही बाजूंनी गर्डर घुसलेले दिसतात. तुमच्याकडचे तुमच्या फर्शीच्या छताचे, पलीकडचे त्यांचे. ओटल्याच्या कोपऱ्यात तिच्या विटा दोन्ही घरांच्या दर्शनी भिंतींत अडकवलेल्या आहेत. म्हणजे दोन्ही घरं एकाच वेळी, एकाच गवंड्याच्या हातून उठली असणार. मागची, स्वयंपाकघराची, मात्र नऊ इंची आहे आणि जिथे ती पुढच्या भिंतीला मिळते तिथे वरपासून खालपर्यंत सरळ सांधा आहे. ती नंतर जोडलेली आहे. वडिलांनी स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशाने बांधलेली.

कायद्यात या दोन भिंतींचं भवितव्य वेगवेगळं आहे, म्हणून एवढं खोलात शिरलो.

मिलच्या वस्त्यांत अशी जोडघरं का झाली हे तुम्हाला मी सांगायला नको. मालवा मिल 1909 ची, हुकुमचंद 1915 ची. त्यांच्या आजूबाजूला परदेशीपुरा, पाटणीपुरा भरत गेला तो खिशात बसेल तेवढ्याच खर्चात. दोन घरांत एक भिंत म्हणजे विटांचा, चुन्याचा आणि पायाचा खर्च निम्मा. नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. सरसकट पाडापाडी करू नका, अगदी लागेल तिथेच मोकळं करा आणि बाकीची घरं दुरुस्त करून राखा, असा त्यांचा आग्रह होता. कोर्टात या अहवालाचा काडीचा उपयोग नाही. पण आज कोणी तुमचं घर ‘जर्जर’ म्हणून हसलं तर शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी वेगळं म्हणून ठेवलंय, एवढं लक्षात असू द्या.

आता पुढची भिंत. दोन घरांचा भार जिच्यावर आहे आणि जी दोघांनी मिळून वापरली आहे ती सामाईक मानली जाते, जोवर कोणी उलट सिद्ध करत नाही. आपल्या रजिस्ट्रीत तिचा उल्लेख आहे, एवढ्याने नवे मालक एकटे मालक होत नाहीत. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तो देऊ शकतो, आणि त्यांच्या दोघांतल्या व्यवहाराने तुम्ही बांधल्या जात नाही. त्यांची नवी रजिस्ट्री बघण्यापेक्षा त्या घराची जुनी रजिस्ट्री शोधा. पंजीयन कार्यालयातून नक्कल मिळते. तुमच्या 1958 च्या रजिस्ट्रीची चतुःसीमाही नीट वाचा. जुन्या दस्तांत ‘दीवार शामलाती’ किंवा ‘मुश्तरका’, म्हणजे सामाईक, असे शब्द सापडतात. सापडले तर अर्धं काम झालं. आणि तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ठिकाणाहून सादर झाला, तर तो खरा आहे असं गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 92 ने दिली आहे. तो दस्त लॅमिनेट वगैरे करू नका, लोक करतात आणि शाईसकट वाट लावतात.

सामाईक भिंत एका हिस्सेदाराने दुसऱ्याच्या संमतीशिवाय पाडायची नसते, आणि तिच्यावर मजले चढवून ती फक्त आपल्या कामाला लावायचीही नसते. त्यांना तीन मजली बांधायचं असेल तर त्यांनी आपल्या हद्दीत आपले कॉलम उभे करावेत. जागा आठ-नऊ इंच कमी होईल, ते त्यांचं दुखणं आहे.

त्याहून मोठा धोका त्यांच्या पायाच्या खड्ड्याचा आहे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर उभ्या जुन्या भिंतींना उगीच तडे जात नाहीत. तुमच्या घराचा पाया फार खोल असण्याची शक्यता नाही. त्याला चिकटून सात-आठ फूट खणलं आणि तो खड्डा पाऊसभर उघडा राहिला, तर भिंतीला हात न लावताही ती खचू शकते. जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळणं हा नैसर्गिक हक्कच आहे. आणि इमारतीला असा आधार वीस वर्षं विनाअडथळा मिळाला असेल, तर भारतीय सुखाधिकार अधिनियम 1882 च्या कलम 15 प्रमाणे तोही हक्क होतो. तुमच्या बाबतीत साठ वर्षं उलटून गेलीत.

खिडकीचा हक्कही याच कलमातला. उजेड आणि वारा वीस वर्षं शांतपणे, हक्काने, अडथळ्याविना मिळालेला असला पाहिजे. खिडकी तुमच्या स्वतःच्या नऊ इंची भिंतीत आहे, ही जमेची बाजू. सामाईक भिंतीत असती तर गोष्ट अवघड झाली असती. थोरल्या बहिणीच्या मेंदीचा जो 1974 चा फोटो तुम्ही सहज पाठवलात, त्यात मागे तीच खिडकी दिसते, लाकडी गजांसकट. तो जपून ठेवा, मूळ प्रत कोणाला देऊ नका. मात्र कायदा ‘होता तेवढा सगळा उजेड’ देत नाही. खिडकी बंद झाल्याने घराची किंमत बरीच घटते किंवा राहणं खरोखर त्रासाचं होतं, हे दाखवावं लागतं. स्वयंपाकघराची एकच खिडकी असल्याने ते दाखवणं जड जाऊ नये. एक मुदत मात्र लक्षात ठेवा: अडथळा आल्यावर दोन वर्षांच्या आत दावा झाला पाहिजे, नाहीतर ती वीस वर्षं हिशेबात धरता येत नाहीत.

दावा कोण करणार, ही तुमची शंका. तुम्ही करू शकता. घर वडिलांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 च्या कलम 8 ने मुलींना मुलांइतकाच वाटा 1989 मध्येच मिळाला. सगळे 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल सांगत सुटतात, पण तो विषय वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा. तुम्हाला त्याची गरज नाही. सामाईक मालमत्ता वाचवण्यासाठी एक हिस्सेदारही दावा लावू शकतो. भाऊ, बहीण आणि वहिनींना पक्षकार करून घेतलं की आक्षेप उरत नाही. महापालिकेच्या संपत्ती कराच्या खात्यावर भावाचं एकट्याचं नाव आहे म्हणून घाबरू नका, नामांतरणाने मालकी ठरत नाही. पण भावाला आजच फोन करा. एनओसी घेऊन लोक त्याच्याकडे पुण्यालाही पोचतील.

मग करायचं काय? या आठवड्यात एका अभियंत्याकडून भिंतीची पाहणी करून घ्या. जाडी, गर्डरची टोकं, कोपऱ्यातले सांधे, आजचे तडे, सगळं मोजमाप आणि फोटोंसह. तडे आज किती आहेत हे नोंदवलं नाही तर उद्या ‘ते आधीचेच’ असं ऐकावं लागेल. वकिलामार्फत शेजाऱ्यांना नोटीस द्या आणि तिची प्रत झोन कार्यालयाच्या भवन अधिकाऱ्यांना द्या. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. मध्य प्रदेश भूमि विकास नियम 2012 खाली मंजूर झालेल्या नकाशात भिंत कोणाची दाखवली आहे, एमओएस, म्हणजे बांधकामाभोवतीची मोकळी जागा, किती सोडला आहे, हे त्यावरून कळेल. महापालिका मालकीचा वाद सोडवणार नाही, त्या भरवशावर राहू नका.

तेवढ्यात ते हातोडा घेऊन आलेच तर दिवाणी न्यायालयात कायम मनाईचा दावा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. सोबत आदेश 26 नियम 9 चा अर्ज द्यायला सांगा, म्हणजे न्यायालय आपला आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमून भिंतीची जागेवर पाहणी करवू शकतं. माझ्या मते तुमच्या प्रकरणात हा अर्ज सर्वात मोलाचा आहे, कारण भिंत पडली की पुरावाच पडतो. स्लॅब टाकून झाल्यावर तो पाडा म्हणून सांगायला न्यायालयं सहसा राजी नसतात, नुकसानभरपाईवर भागवतात. उलट ते स्वतःच आधी कोर्टात जातील अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, लावून ठेवा, नव्वद दिवस चालतं.

आणखी एक डाव सांभाळा. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जर्जर घरांना नोटिसा देते. तुमच्या घराविरुद्ध अशी तक्रार कोणी केली आणि नोटीस आली, तर मुदतीत लेखी उत्तर द्या, अभियंत्याचा अहवाल जोडा. नोटीस दाराला चिकटवलेली असेल तर फाडू नका, तारखेसकट फोटो काढा.

खर्चाची काळजी लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आधार आणि रजिस्ट्रीची झेरॉक्स घेऊन जा. तिथेच दावा लावण्यापूर्वी मध्यस्थीही करता येते, आणि शेजारी समजूतदार निघाले तर मला तोच मार्ग जास्त आवडेल. भिंत आहे तशी ठेवून त्यांनी आपले कॉलम आत घ्यायचे, खड्डा पावसाळ्यानंतर खणायचा, खिडकीसमोर चौक मोकळा सोडायचा, असा करार होऊ शकतो. तो रजिस्टर करून घ्या.

एनओसी मागायला पुन्हा आले तर कागद ठेवून जा म्हणा, वाचायला. त्याची दोन्ही बाजूंची प्रत मला पाठवा.