सोयाबीन भाजून गाईला द्यावे का?

प्रश्न: आमची सांवेर तालुक्यात शेती असून गोठ्यात काही संकरित गाई आणि दोन म्हशी आहेत. घरचे सोयाबीन पडत्या भावात विकण्यापेक्षा जनावरांना घालावे, असा विचार आहे. परंतु कच्चे सोयाबीन जनावरांना विषासारखे असते, ते भाजूनच द्यावे, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, जि. इंदूर)

उत्तर: ज्या वर्षी मंडीतला भाव हमीभावाखाली उतरतो, त्या वर्षी हा प्रश्न माळव्यातून हमखास येतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना इंदूरकडे माल त्याहून स्वस्त विकला जात होता, तेव्हाही तो अनेकांच्या तोंडी होता.

शेजाऱ्यांचे म्हणणे कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच दाणे शिजवून दिले की वाढतात, हे ऑसबॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते. दाण्यात ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारी प्रथिने असतात आणि उष्णतेने ती निकामी होतात. मात्र गाय-म्हशीने खाल्लेला दाणा आतड्यात पोहोचण्याआधी कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) थांबतो आणि तेथील सूक्ष्मजीव या अडथळा आणणाऱ्या प्रथिनांचाही बराचसा फडशा पाडतात. त्यामुळे वाढ झालेल्या, नीट रवंथ करणाऱ्या जनावराला बेताच्या प्रमाणात भरडलेले कच्चे सोयाबीन दिल्याने विषबाधा होत नाही. वासरांचे तसे नाही. पहिले दोन-तीन महिने त्यांचे कोठीपोट पुरते कामाला लागलेले नसते, म्हणून त्यांच्या खुराकात कच्चे सोयाबीन अजिबात घालू नये.

मग भाजायचे कशासाठी? भाजल्याने मोठ्या जनावरात प्रथिनांचे एकूण पचन फारसे वाढत नाही. ते कोठे होते, ती जागा बदलते. कच्च्या सोयाबीनमधील प्रथिने पाण्यात सहज विरघळतात आणि त्यांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोठीपोटातच फुटून त्याचा अमोनिया होतो. सूक्ष्मजीव त्या अमोनियापासून स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढे तीच गाईच्या कामी येतात. पण अमोनिया त्यांच्या गरजेपेक्षा वेगाने तयार झाला तर उरलेला रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो, म्हणजे महागडे प्रथिन गोठ्याच्या गटारात जाते. उष्णतेने प्रथिनांची घडण बदलते, ती कमी विरघळतात आणि सूक्ष्मजीवांच्या तावडीतून सुटून पुढे लहान आतड्यात थेट पचतात. यांनाच आपण बायपास प्रथिने म्हणतो. योग्य भाजलेल्या दाण्यात कोठीपोटात फुटणारा भाग निम्म्याच्या आसपास उतरतो.

याचा लाभ होतो तो भरपूर दूध देणाऱ्या, विशेषतः नुकत्याच व्यायलेल्या गाईला, कारण सूक्ष्मजीवांनी बनवलेली प्रथिने तिच्या गरजेला पुरी पडत नाहीत. चार-पाच लिटरवर असलेल्या किंवा भाकड जनावराला भाजलेले सोयाबीन देणे म्हणजे इंधन वाया घालवणे होय. उलट आपल्याकडे जी जनावरे मुख्यतः गव्हाच्या भुशावर असतात, त्यांच्या कोठीपोटात नत्राचीच टंचाई असते. त्यांना मिळणारे सगळे प्रथिन भाजून बायपास करून टाकले तर भुसा पचवणारे सूक्ष्मजीव उपाशी राहतील आणि भुशाचे पचनच मंदावेल. अशा जनावराला कच्च्या दाण्यातील झटपट फुटणारे प्रथिन अधिक उपयोगाचे ठरते. ‘भाजलेले ते चांगले’ असा सरसकट नियम म्हणूनच मला मान्य नाही.

प्रमाण ठरवताना प्रथिनांइतकेच तेलाकडे पाहावे लागते. एक किलो सोयाबीनमध्ये १८० ते २०० ग्रॅम तेल असते. दिवसाला १२ किलो शुष्क आहार घेणाऱ्या गाईच्या एकूण खाण्यात स्निग्धांश सहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७२० ग्रॅमपर्यंतच राहावा. त्यापैकी सुमारे ३०० ग्रॅम चारा आणि इतर खुराकातूनच आलेला असतो. दोन किलो सोयाबीन दिले की आपण मर्यादेला जाऊन टेकतो. जास्तीचे तेल चोथा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरते आणि दुधाची फॅट उतरते, आणि संकलन केंद्रावर पैसे तर फॅटवरच मिळतात. त्यामुळे चांगल्या दुधाच्या गाईला अर्धा ते एक किलो पुरेसे समजावे, तेही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावे. सरकी पेंड किंवा तेलाचा अंश असलेली दुसरी पेंड चालू असेल, तर ती त्या प्रमाणात कमी करावी.

प्रश्न: फुटाण्याच्या भट्टीवर सोयाबीन भाजून घेतले, तर ते जनावरांसाठी नीट भाजले गेले हे कसे ओळखावे? (एक वाचक, देपालपूर)

उत्तर: भट्टीवरची वाळू तापलेली असते आणि दाणा तिच्यात थोडाच वेळ राहतो, त्यामुळे साल करपते आणि आतला गर कच्चा राहतो, हा नेहमीचा दोष आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात दुभत्या गाईंवर झालेल्या अभ्यासातून पुढे आलेली शिफारस अशी की, दाणा भाजणीतून बाहेर पडताना त्याचे तापमान सुमारे १४६ अंश सेल्सिअस असावे आणि त्यानंतर तो अर्धा तास तसाच गरम ठेवावा. या शेवटच्या अर्ध्या तासाला आपल्याकडे कोणीच महत्त्व देत नाही. प्रत्यक्षात भट्टीवरून उतरलेले दाणे लगेच न पसरता ढीग करून त्यावर गोणपाट झाकले, तर उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचते; अर्ध्या तासाने मात्र ते पसरून पूर्ण गार करावेत, कारण गरम ढीग तसाच राहिला तर भाजणी आतल्या आत पुढे चालू राहते.

दाणा दोन डाळींत फोडून पाहा. आत सगळीकडे सारखा फिकट सोनेरी-तपकिरी रंग आणि शेंगदाण्यासारखा खरपूस वास असावा. मध्यभागी पिवळट-हिरवी झाक आणि जिभेवर कच्च्या शेंगेची चव असेल, तर भाजणी अपुरी आहे. घरच्या घरी आणखी एक परीक्षा करता येते: मूठभर दाणे कुटून बरणीत घालावेत, त्यात चमचाभर युरिया आणि थोडे पाणी टाकून झाकण लावावे आणि वीस मिनिटांनी उघडावे. अमोनियाचा झणझणीत वास आला तर दाण्यातील युरिएज हे विकर जिवंत आहे, म्हणजे दाणा कच्चा आहे. वास आला नाही, तर ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनेही बहुधा निकामी झाली आहेत, असे समजावे. परंतु युरिएज कमी उष्णतेतही मरते आणि बायपाससाठी त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणून ही परीक्षा फक्त किमान भाजणी सांगते, उत्तम भाजणी सांगत नाही. परीक्षेचे दाणे आणि बरणी जनावरांपासून दूर ठेवावी.

जादा भाजण्याचे नुकसान तर कमी भाजण्यापेक्षा मोठे आहे. तीव्र उष्णतेत लायसिन हे अमिनो आम्ल दाण्यातील साखरेशी बांधले जाते (मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णिलेली ही अभिक्रिया चपातीच्या डागातही घडते) आणि मग ते प्रथिन कोठीपोटातही फुटत नाही व आतड्यातही पचत नाही, सरळ शेणातून बाहेर पडते. प्रयोगशाळेचा अहवाल एकूण प्रथिने पूर्वीइतकीच दाखवतो, त्यामुळे काळपट दाणा कागदावर उत्तम दिसतो आणि गाईला निरुपयोगी ठरतो. भाजलेला दाणा बारीक दळू नये, अर्धा किंवा पाव तुकडा होईल असा भरडावा. पीठ केले की तेल एकदम सुटते आणि बायपासचा फायदाही घटतो. बुरशी धरलेला माल भाजून शुद्ध होतो, असेही समजू नये, कारण अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पुरते जात नाही आणि त्याचा अंश दुधात उतरतो.

प्रश्न: माझ्या सासरी बैलांना हुलगे शिजवून देत असत. गाईंना हरभरा किंवा हुलगा शिजवूनच द्यावा का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: हुलग्याचा दाणा लहान आणि टणक असतो, न चावता गिळला गेला तर तसाच शेणातून पडतो, शिजवल्याने साल मऊ होते, हा त्या पद्धतीचा मुख्य लाभ होता आणि भरडा करूनही तो मिळतो. हरभऱ्यात सोयाबीनच्या उलट तेल थोडे आणि पिष्ट भरपूर असते. पाण्यात शिजवल्यावर पिष्ट फुलते आणि कोठीपोटात वेगाने आंबते, तर कोरडे भाजल्याने पाण्याअभावी त्यात तेवढा बदल होत नाही. म्हणजे शिजवण्याने प्रथिनांचे फुटणे मंदावते, पण पिष्टाचे वाढते, आणि शिजवलेला हरभरा एकदम जास्त दिला तर पोटात आम्ल वाढण्याचा धोका असतो. माझ्या मते गाईंसाठी जाडसर भरडा किंवा हरभऱ्याची चुनी भिजवून देणे पुरेसे आहे. शिजवायचेच असेल, तर शिजवलेले पाणी फेकू नये; त्यात विरघळलेली प्रथिने आणि क्षार असतात.

प्रश्न: बाजारातून आणलेली सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) पुन्हा भाजावी का, आणि ती युरिया प्रक्रिया केलेल्या भुशाबरोबर चालते का? (एक वाचक, महू)

उत्तर: भाजू नये. तेल काढल्यानंतर कारखान्यात द्रावक उडवण्यासाठी पेंडीला वाफेची उष्णता दिलेलीच असते आणि त्यातच तिची भाजणी होते. दुसऱ्यांदा भाजणे म्हणजे वर सांगितलेला लायसिनचा तोटा विकत घेणे. चांगली भाजलेली डीओसी युरियाच्या भुशाबरोबर चालते. कच्चे सोयाबीन मात्र युरियाबरोबर कधीही देऊ नये आणि युरिया असलेल्या खुराकात मिसळून साठवूही नये. त्यातील युरिएजमुळे युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. असा खुराक खाऊन जनावर थरथरू लागले, लाळ गाळू लागले किंवा पोट फुगले, तर पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे.