रिटायर हे झाले, बीपी माझं काऊन वाढलं?

"मॅडम, रिटायर हे झाले, मग बीपी माझं काऊन वाढलं?" हा प्रश्न मी समुपदेशनात इतक्यांदा ऐकलाय की आता काकू खुर्चीत टेकायच्या आधीच मला अंदाज येतो. त्यातल्याच एका जोडप्याचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, ५८ पूर्ण झाले आणि ३१ मेला रिटायर. (त्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख मास्तरांनी १ जूनच टाकून दिलेली, म्हणून ३१ मेला निरोपसमारंभांची रांग असते!) त्यात नागपूरचं ऊन, सकाळी दहानंतर बाहेर पडायची सोय नाही, एकच कूलर आणि त्याच्यासमोर दोघं दिवसभर. पोळा झाल्यावर माझ्याकडे आले तोवर काकूंचं बीपी १६०/१०० वर गेलेलं, डॉक्टरांनी गोळी सुरू करून वर समुपदेशन करा म्हटलेलं.

"दिवसभर मागे मागे फिरून राहिले हो. माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात. चार झाल्या, बंद कर म्हणतात. दुधाचं रजिस्टर केलंय, लाल पेनाने."

काका म्हणाले, "शिस्त लावून राहिलो. त्यात काय चुकलं?"

आपल्याकडे सगळे म्हणतात आता काय टेन्शन, आराम करा. पण १९६७ साली होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणाचे गुण दिले होते, जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५० आणि रिटायरमेंटला ४५. म्हणजे बघा, लग्नाच्या जवळपास! बदल चांगला असला तरी शरीराला जुळवून घ्यावंच लागतं, रोजची घडी मोडली की झोप जाऊ शकते, चिडचिड वाढते, बीपीही चढू शकतं. आणि घडी काय फक्त काकांचीच मोडली का? तीस वर्षं दहा ते सहा ते घर काकूंचं होतं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाला मानणारी. घटनेपेक्षा तिच्याभोवतीचा "पाहिजेच" माणसाला जास्त छळतो, हे मी रोज बघते. काकांचा "पाहिजेच" सापडायला मात्र तिसरी भेट उजाडली. बोलता बोलता म्हणाले, "आता कोणी सही मागत नाही मॅडम." आणि खिशाचं पेन काढून बघत बसले. मला तिथेच उलगडलं, की मला विचारलंच पाहिजे हा हट्ट ऑफिसातून घरी आलाय, फक्त टेबल बदललंय.

विचारलं, "काका, घरी फुलटाइम कधी जॉइन झालात?"

"३१ मेनंतर."

"आणि काकू?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"मग सिनियर कोण?"

बराच वेळ काही बोलले नाही. मग काकूंकडे बघून हसले, "म्हणजे मी प्रोबेशनवर हाय बाप्पा!" काकूंनी पदर डोळ्याला लावला, हसत होत्या की रडत होत्या देव जाणे. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे क्षण मोजकेच येतात, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढे सोपं होतं. रिटायर माणसाला "मदत करा" म्हणू नका, एक काम पूर्ण त्याच्या ताब्यात द्या आणि मग त्यात बोलू नका. काकांना भाजीचं खातं दिलं, सकाळी उन्हाआधी गोकुळपेठ मार्केट, वांगी किडकी निघाली तरी काकूंनी गप्प राहायचं (हे त्यांना जास्त जड गेलं). दुपारी दोन तास दोघं वेगवेगळ्या खोलीत, त्यासाठी दुसरा कूलर घ्यावा लागला, घ्या म्हटलं, पेन्शनमध्ये बसतो. गोळी मात्र बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही, ते डॉक्टर ठरवतील. आणि ज्यांना रिटायर व्हायला वर्ष राहिलंय त्यांनी सुट्टीचे दिवस आतापासूनच पूर्ण घरी काढून बघा, कोणाला काय खुपतं ते लवकर कळतं.

परवा काकूंचा फोन आला. काका आता वरणही करतात म्हणे. "शिट्ट्या मोजतात का अजून?"

"मोजतात नं. पण आता त्यांच्या कुकरच्या."