विचारू नकोस, कळव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेल वाचला. तुझी मैत्रीण काळ्या वंशाची आहे हे कळल्यावर आई म्हणाली, "गोरी असती तर एक वेळ समजू शकले असते." तेव्हापासून तू आईला पटवायला मुद्दे गोळा करतोयस. मुलीचं शिक्षण, तिच्या वडिलांची नोकरी, घरचं वळण. अरे, लग्न करतोयस की गृहकर्जाला कागदपत्रं जोडतोयस? परवानगी मागू नकोस. कळव.

या अमेरिकेत आपल्या माणसांना खरोखरच परवानगी लागत होती. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाब्यांना गावाकडून बायका आणायची वाट १९१७च्या कायद्याने बंद केली. इथं लग्न करायचं तर कौंटीच्या कचेरीत परवाना. गोऱ्यांनी कोणाशी लग्न करायचं नाही याची यादी कायद्यात होती, पण तीत हिंदी माणसाचं नावच नव्हतं. म्हणून निवाडा कारकुनाच्या डोळ्यांवर. शेजारी मेक्सिकन बाई उभी असली आणि दोघांचा रंग साधारण जुळला, की परवाना मिळायचा. अशी शेकडो घरं तिथं उभी राहिली. क्रांतिकारक तारकनाथ दासांच्या अमेरिकन पत्नीचं, मेरीचं, तर नागरिकत्वच गेलं, कारण हिंदी माणूस गोरा नाही, या सुप्रीम कोर्टाच्या १९२३च्या निकालानंतर हिंदी नवरा नागरिक व्हायला अपात्र ठरला होता.

१२ जून १९६७ रोजी सुप्रीम कोर्टाने लव्हिंग या गोरा नवरा-काळी बायको दांपत्याच्या खटल्यात उरलेल्या १६ राज्यांतली असल्या लग्नांवरची बंदी रद्द केली. कारकुनाची ती खुर्ची रिकामी झाली. आता तिथं तू स्वतःच्या आईला नेऊन बसवतोयस.

ती वाईट नाही. माझ्या आजीला देशस्थ-कोकणस्थ हेसुद्धा बाहेरचं लग्न वाटायचं. मग पंजाबी सून चालू लागली, मग गोरा जावई. अमेरिकेत २०१५ मध्ये ज्यांची नवी लग्नं झाली त्या आशियाईंपैकी २९ टक्क्यांचा जोडीदार दुसऱ्या वंशाचा होता, बहुतेकांचा गोरा. यावर आपल्याकडे फार कौतुकाने बोलतात, आपण कसे इथले झालो म्हणून. मंडळाच्या गणपतीत गोऱ्या जावयाला कुर्ता घालून पुढे उभं करतात, हातात आरतीचं ताट देतात, फोटो काढतात. तुझ्या बायकोच्या हातात ते ताट कोण देतं ते बघ. नुसता कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात दाखवला, तर समज की रेषा सरकलीय, पुसलेली नाही. ती सरकताना आपण पटकन आत आलो आणि दार लोटून घेतलं. आणि त्या दारावर टकटक करून तू विचारणार, आत येऊ का?

मी विचारलं नव्हतं. तुझ्या काकांशी लग्न ठरवलं आणि दादरला पत्र टाकलं. बाबांचं उत्तर आलं नाही. ते गेले तेव्हाही आमच्यात पुरतं सुरळीत नव्हतं, आणि ते मला अजून डाचतं. नातेवाईक म्हणतात, थोडं थांबली असतीस, गोडीगुलाबीने घेतलं असतंस. थांबून काय झालं असतं? बाबा नाही म्हणाले असते, आणि ते मोडून मला लग्न करावं लागलं असतं. न विचारता केलं म्हणून निदान त्यांचा शब्द तरी मोडला नाही. हसू नकोस, नीट विचार कर.

आधी मुलीला सांग, आई काय म्हणाली ते जसंच्या तसं. तुझ्या आईचं वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असेल असं समजू नकोस. तू ते लपवलंस तर मात्र पुढे जड जाईल. मग आईला फोन कर. तारीख सांग, हॉल सांग, मोदक कोण करणार ते विचार. तेवढंच विचार. रडली तर फोन ठेवू नकोस, पण तारीखही हलवू नकोस.

मलाही लवकर कळव, उन्हाळ्यात तिकिटं महाग होतात.

तुझी मावशी