मॅन्युअल की ऑटोमॅटिक: परवाना कोणता घ्यावा?

नव्याने गाडी शिकताना परीक्षा मॅन्युअल गाडीवर (क्लच दाबून हाताने गिअर बदलण्याच्या) द्यावी की ऑटोमॅटिकवर (आपोआप गिअर बदलणाऱ्या), आणि त्या निवडीने पुढे काही अडते का, असे आपण विचारले आहे. ते आपल्या देशाच्या नियमावर अवलंबून आहे. भारतात हलक्या मोटार वाहनाचा परवाना दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतो. ब्रिटन, जपान, सिंगापूर येथे मात्र ऑटोमॅटिकपुरता मर्यादित परवाना वेगळा असतो. मॅन्युअलवर उत्तीर्ण झालेल्याला दोन्ही गाड्या चालवता येतात, पण मर्यादित परवानाधारकाने क्लचची गाडी चालवली तर कायद्याचा भंग होतो आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

म्हणून, शरीराची काही अडचण नसेल तर मॅन्युअल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लच नेमका किती सोडावा याचा अंदाज येईपर्यंत गाडी वारंवार बंद पडते, चढावर मागे सरकते आणि शिकणारा घाबरून जातो. पण सरावाने पाय आपोआप काम करू लागतो आणि लक्ष रस्त्याकडे मोकळे होते. तो त्रास काही आठवड्यांचा असतो, तर परवान्यावरची मर्यादा नवी परीक्षा देईपर्यंत सुटत नाही. नोकरीत मिळणारी, भाड्याने घेतलेली किंवा अडचणीच्या वेळी नातेवाइकाची चालवावी लागणारी गाडी कोणती असेल, हे आज सांगता येत नाही.

मात्र मॅन्युअल शिकलेलाच खरा चालक, हे म्हणणे मला मान्य नाही. पुरेसा सराव करूनही क्लच आणि गिअर सांभाळताना आरशाकडे आणि पादचाऱ्यांकडे दुर्लक्ष होत असेल, किंवा डाव्या पायाला दुखापत असेल, तर ऑटोमॅटिक निवडणे हाच जबाबदार निर्णय आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना क्लच नसतो, त्यामुळे त्यांचा प्रसार होईल तशी ही मर्यादा कमी जाचेल.

जर्मनीने 2021 पासून मधला मार्ग काढला आहे: मोटार प्रशिक्षण शाळेत मॅन्युअलच्या किमान 10 तासिका आणि निदान 15 मिनिटांची चाचणी पूर्ण केली, तर अंतिम परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही गाड्यांचा परवाना मिळतो. आपल्याकडे अशी सोय आहे का, याची परवाना कार्यालयात चौकशी शिकवणी लावण्यापूर्वीच करावी.