मुलगी परदेशात पोचली आणि रोज रडतेय: परत बोलवावं का?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी गेलेली असते, फोनवर रडत असते, आणि इथे आईवडिलांच्या घशाखाली घास उतरत नसतो.

दांडिया बाजारातलं एक जोडपं असंच आलं. (तपशील बदललेत, मुलीला सायली म्हणू.) बडोद्यात इंजिनिअरिंग करून सायली मास्टर्सला बर्लिनला गेली होती. पोचून दोन आठवडे होत आले होते. वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं की नव्या देशात आधी मधुचंद्राचा काळ असतो, सगळं छान वाटतं आणि घसरण नंतर होते. "हिला तर पहिल्या दिवसापासूनच नकोसं झालंय. म्हणजे जास्तच गंभीर का?"

ही टप्प्यांची मांडणी मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्या १९५४ सालच्या एका भाषणातून पसरली. सांगायला सोपी, म्हणून टिकली असं मला वाटतं. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचंही बहुतेक तसंच असतं. मधुचंद्र असतो तो इन्स्टाग्रामवर.

मग व्हिडिओ कॉलवर सायलीशी बोलले. ती शनिवारी रात्री उतरली. रविवारी बघते तर सगळी दुकानं बंद. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंदच असतात. आईने दिलेल्या दशम्यांवर दिवस काढला. खोलीत आधीच्या भाडेकरूने काचेच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्या कोपऱ्यावरच्या टाकीत टाकायला गेली, तर वरच्या खिडकीतून एक आजी ओरडायला लागल्या. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो. सोमवारी फुटपाथच्या कडेला नकाशा बघत उभी होती, तर मागून सायकलवाला घंटी वाजवत, बडबडत गेला. ती उभी होती ती सायकलची लेन. "मॅडम, मी इथे कुणालाच नकोय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मंगळ बाजारातल्या गर्दीतून ॲक्टिव्हा काढणारी ही मुलगी. तिकडे तिला साधी बाटली टाकता येईना. घराची आठवण सगळ्यांना येते, ती झेपते. पण काल-परवापर्यंत डोळे मिटून करत होतो ती कामं एकदम येईनाशी झाली की माणूस हादरतो. तिला विचारलं, ते तुझ्यावर ओरडले की तू केलेल्या गोष्टीवर? थोडा वेळ थांबून म्हणाली, "बाटलीवर. आणि सायकल लेनवर." हा प्रश्न मी खरंच उत्तर ऐकायला विचारते. कधी उत्तर दुसरंही येतं, रंगावरून, देशावरून. तेव्हा 'तुझा गैरसमज असेल' असं म्हणून मी ते उडवून लावत नाही.

खरी गोम निघाली झोपेत. सायलीला रोज पहाटे तीनला जाग यायची. उन्हाळी वेळेत बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडचे तीन ते बडोद्याचे साडेसहा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं. चार-पाच दिवसांत जुळायला हवं होतं. का जुळत नव्हतं? कारण साडेसहाला आईचा चहा व्हायचा आणि "उठलीच आहेस ना" म्हणून व्हिडिओ कॉल लागायचा. पोरगी अंधाऱ्या खोलीत तासभर मोबाइलच्या उजेडात बडोद्याची सकाळ बघायची. दुपारी वर्गात डोळे मिटायचे, संध्याकाळी जेवायची इच्छा नाही, आणि अशा अवस्थेत ती 'हे शहर आपलं नाही' असं ठरवत होती.

तिला म्हटलं, तीनला जाग आली तर मोबाइलला हात लावायचा नाही. संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर फिरायचं, रोज एकाच बेकरीत जायचं. राहायचं की परतायचं हा निर्णय फेब्रुवारीत, सत्राचे वर्ग संपल्यावर. तोवर त्यावर चर्चा बंद, दोन्हीकडून.

वडिलांना हे लगेच पटलं. कर्जाचे हप्ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मात्र सगळंच 'होईल सवय' म्हणून सोडायचं नसतं, हेही त्यांना सांगितलं. झोप सुधारूनही दोन आठवडे उदासी हटत नसेल, मूल खोलीबाहेर पडत नसेल, जेवण सुटलं असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात किंवा डॉक्टरकडे जायलाच हवं. जगणं नको असं बोललं, तर वाट बघायची नाही. जर्मनीत तातडीचा क्रमांक ११२.

आई गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी फोनच करायचा नाही का?"

करायचा, पण रात्री साडेदहाला. तेव्हा तिकडे सात वाजलेले असतात, ती फिरून आलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग सहा वाजतील. आईंनी पर्समधून छोटी डायरी काढून ते लिहून घेतलं, आणि विचारलं, "दिवाळीच्या पहाटे एकदा चालेल ना?"

चालेल म्हटलं.